अब्रूवरचा बोजा आणि ठाण्याचें दप्तर

(एका गांवच्या सार्वजनिक वाचनालयाच्या सभेंत प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आज बाजाराचा दिवस असूनहि तुम्ही एवढ्या संख्येनें जमलां, त्यावरून हा विषय घरोघर पोंचलेला आहे हें उघड दिसतें. मी वकील नाहीं कीं पुढारी नाहीं. अध्यापक विद्यालयाची परीक्षा देऊन गेलीं बावीस वर्षें खेड्यांतल्या पोरांकडून अक्षरें गिरवून घेणारा मी एक मास्तर आहें. परंतु जो अक्षर शिकवितो त्यानें त्या अक्षराचें पुढें काय होतें हेंहि पाहिलें पाहिजे. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांचीं नांवें मीं हजेरीपटावर लिहिलीं. त्यांतलीं कांहीं नांवें पुढें पोलिस ठाण्याच्या दप्तरांत गेलीं. ज्यांनीं तीं वाचूं नयेत त्यांनीं वाचलीं, आणि ज्यांना वाचण्याची गरज होती त्यांना तीं दाखविलीं गेलीं नाहींत. याच दोन गोष्टी मला आज सांगावयाच्या आहेत.

दोन घरें सांगतों. नांवें सांगणार नाहीं. कां सांगणार नाहीं, तें भाषण संपेपर्यंत तुमच्या ध्यानांत येईल.

पहिलें घर एका शेतकऱ्याचें. बांधावरून दोन चुलत घरांत भांडण झालें, काठ्या निघाल्या आणि एकाचें डोकें फुटलें. फुटल्या डोक्याच्या माणसांनीं ठाण्यांत जाऊन फिर्याद दिली, आणि तींत समोरच्या घरांतले होते नव्हते तेवढे पुरुष घातले. हें आपल्याकडे नवें नाहीं. त्यांत घरचा धाकटा मुलगाहि घातला. तो त्या दिवशीं तालुक्याच्या गांवीं परीक्षेच्या वर्गांत बसलेला होता. फिर्याद दाखल झाली, पोलिसांच्या संकेतस्थळावर चढली, आणि तिसऱ्या दिवशीं गांवच्या व्हॉट्सॲप गटांत येऊन पडली. कोणीं तरी त्या मुलाच्या नांवाभोंवतीं तांबडी रेघ ओढली होती. महिन्याभरांत त्याची ठरलेली सोयरीक मोडली. चार वर्षांनीं न्यायालयानें त्यास निर्दोष सोडलें. त्या निकालाचा कागद मात्र कोणींहि गटांत टाकला नाहीं. मीं स्वतः विचारलें, "अरे, तेव्हां तो कागद फिरविलात, आतां हाहि फिरवा कीं!" उत्तर आलें, "गुरुजी, जुनी गोष्ट झाली ती. आतां कोण वाचतो?"

दुसरें घर म्हणजे घरच नव्हें, माळावरचें पाल. त्या पालांतली मुलगी माझ्या शाळेंत चौथींत होती. एका रात्रीं जीप आली आणि तिच्या बापाला घेऊन गेली. आई सकाळीं ठाण्यावर गेली. "असा कोणी येथें आणलेला नाहीं," असें उत्तर मिळालें. ती दुसऱ्या ठाण्यावर गेली, तेथेंहि तेंच. बाहेर भिंतीवर फळा होता; त्यावर धूळ होती, नांव नव्हतें. दुसरा दिवस मावळला तेव्हां ती पोरगी माझ्या दारांत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्हाला वाचतां येतें, तुम्ही चला." मीं जाऊन ठाणे अंमलदाराकडे लेखी अर्ज दिला : अमक्या रात्रीं आणलेल्या माणसांचीं नांवें फळ्यावर कां नाहींत, हें लिहून कळवावें. तासाभरांत माणूस जमिनींतून उगवावा तसा उगवला! त्याला न्यायाधीशापुढें नेलें आणि पुढें जामीन झाला. परंतु ते दोन दिवस तो कोठें होता याची नोंद आजहि कोठें नाहीं.

आतां विचार करा. पहिल्या घरावर उघड्या कागदानें घाव घातला, दुसऱ्यावर झांकलेल्या कागदानें. पहिलें घर म्हणेल, दप्तराला कुलूप लावा. पालावरची माउली म्हणेल, दप्तराचें कुलूप फोडा. दोघेंहि खरेंच बोलतात. मग आपण, ज्यांचीं नांवें त्या दप्तरांत सर्वांआधीं पडतात, त्यांनीं मागावें तरी काय?

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. सत्तेच्या हातानें जें केलें त्याचें दप्तर उघडें पाहिजे. माणसाच्या अंगावर जो आळ आला त्याचें दप्तर जपून हाताळलें पाहिजे, आणि आळ खोटा ठरला कीं त्यावरचें नांव उतरलें पाहिजे. आज पुष्कळ ठिकाणीं नेमकें उलट चाललें आहे.

बंधूंनो, दप्तराचे हे दोन्ही रोग आपल्या वाडवडिलांनीं भोगलेले आहेत. गांवचें दप्तर कुलकर्ण्याच्या घरीं असे, मोडींत असे, आणि लिहिणारा तोच, वाचणाराहि तोच. आपल्या आज्यानें अंगठा उठविला. कशावर उठविला हें त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळावयाचें, आणि तें खरें कीं खोटें हें जप्ती आल्यावर कळावयाचें. १९५० सालीं मुंबई सरकारनें कायदा करून तीं वतनें काढून टाकलीं. जें दप्तर आपल्याला वाचतां येत नाहीं तें आपल्याच गळ्याला फांस होतें, हा त्या काळचा धडा.

दुसरा रोग याहून भयंकर. १८७१ सालीं इंग्रजांनीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ च्या कायद्यानंतर तो आपल्या मुंबई इलाख्यांतहि लागू झाला. पारधी, कैकाडी, कंजारभाट, मांग-गारुडी अशा जमातींच्या जमाती दप्तरांत चढविल्या गेल्या. बोटांचे ठसे घ्यावयाचे, हजेरी लावावयाची, परवानगीवांचून गांव सोडावयाचें नाहीं. सोलापुरास तारांच्या कुंपणाची वसाहत होती, तिला सेटलमेंट म्हणत. तेथें गुन्हा केला म्हणून नांव दप्तरांत चढत नव्हतें. नांव दप्तरांत आहे म्हणून माणूस गुन्हेगार ठरत होता, आणि मूल जन्मतांच त्या दप्तराचें धनी होत होतें. देश स्वतंत्र झाल्यावर पांच वर्षांनीं, ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं, तो कायदा देशभर रद्द झाला. कायदा गेला, पण लिहिणाराच्या हाताची संवय लवकर जात नाहीं. चोरी कोठेंहि होवो, जीप आधीं पालाकडेच वळते, हें तुम्ही आम्ही पाहतों.

उत्तर प्रदेशांत खरकसिंग नांवाचा एक माणूस होता. १९४१ सालीं दरोड्याच्या आरोपावरून त्याला धरलें आणि पुरावा नाहीं म्हणून सोडून दिलें. परंतु पोलिसांनीं त्याचें हिस्ट्रीशीट उघडलें. मग काय! अपरात्रीं दार ठोठावावयाचें, झोंपलेल्याला उठवावयाचें, कोठें जातो येतो हें टिपावयाचें. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६२ सालीं न्यायालयानें रात्रीं घरांत शिरून झडती-चौकशी करण्याचा नियम रद्द केला, पण पाळत ठेवण्याचे बाकीचे नियम राखले आणि खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेंत नाहीं असें म्हटलें. ती चूक दुरुस्त व्हावयास ५५ वर्षें लागलीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें सांगितलें कीं, खासगीपणा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हा हक्क केवळ बंगल्यांतल्या माणसाचा नाहीं. झोपडीच्या ताटीलाहि तोच हक्क आहे.

आतां कायदा आज काय सांगतो तें ऐका, कारण ठाण्यावर जातांना हेंच कामास येणार आहे.

पहिली गोष्ट पहिल्या खबरेची, जिला आपण एफआयआर म्हणतों. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या १७३ व्या कलमाप्रमाणें, तुम्ही तोंडीं सांगितलेली खबर अंमलदारानें लिहून घ्यावी, तुम्हांस वाचून दाखवावी, सही घ्यावी आणि तिची नक्कल फुकट द्यावी. तपास कोठवर आला हें ९० दिवसांच्या आंत फिर्यादीस किंवा पीडितास कळवावें, असेंहि त्या संहितेंत आहे. नक्कल मागणें म्हणजे फौजदाराचा अपमान नव्हें. नक्कल घेतल्याशिवाय पायरी उतरूं नका.

दुसरी गोष्ट : ७ सप्टेंबर २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हुकूम केला कीं, प्रत्येक पहिली खबर २४ तासांच्या आंत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावी, जेथें जोडणीची अडचण आहे तेथें ४८ तास, आणि दुर्गम मुलखांत ७२ तासांपर्यंत. स्त्रियांवरील लैंगिक अत्याचार, मुलांवरील अत्याचार, दहशतवाद अशा नाजूक गुन्ह्यांच्या खबरा यांतून वगळल्या. हा हुकूम चांगल्या हेतूनें झाला. पूर्वी आरोपीच्या घरच्यांना आपल्यावर काय लिहिलें आहे हें कळावयास ठाण्याच्या दारांत दिवसच्या दिवस घालवावे लागत, आणि हात ओले केल्याशिवाय कागद दिसत नसे. आतां तो घरबसल्या दिसतो. मागाहून पान बदलण्याचीहि सोय उरली नाहीं. हा लाभ मोठा आहे, तो सोडावा असें मी म्हणणार नाहीं.

तिसरी गोष्ट अटकेची. १९९६ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें कोठडींतल्या मृत्यूंच्या प्रकरणांत अटकेचे नियम घालून दिले, आणि आतां ते संहितेंतच आहेत. अटकेचा कागद करावा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गांवांतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यावी, नातलगांस कळवावें, आणि २४ तासांच्या आंत न्यायाधीशापुढें उभें करावें. ३७ व्या कलमाप्रमाणें प्रत्येक ठाण्यांत यासाठीं एक अधिकारी नेमलेला असावा, आणि धरलेल्या माणसाचें नांव, पत्ता व गुन्ह्याचें स्वरूप ठळकपणें फळ्यावर लावावें. पालावरच्या बाईला जो फळा कोरा दिसला तोच हा. येथें नांव उघडें करणें ही बदनामी नव्हें, तें त्या माणसाच्या जिवाचें राखण आहे. ज्याचें नांव फळ्यावर आहे त्याला नाहींसा करतां येत नाहीं.

चौथी गोष्ट : २ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, प्रत्येक ठाण्यांत, कोठडींत, दारांत, व्हरांड्यांत कॅमेरे बसवावे आणि त्यांतलें चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, जपून ठेवावें. ज्याला ठाण्यांत मारहाण झाली त्याला तें चित्रण मागण्याचा हक्क आहे. बरेच ठिकाणीं कॅमेरा नेमका हव्या त्या दिवशींच बंद असतो, हा भाग वेगळा. कुंपणच शेत खाऊं लागलें तर कुंपणावरहि राखण्या ठेवावा लागतो.

हें झालें उघडें काय असावें याबद्दल. झांकलेलें काय असावें हेंहि कायद्यानें सांगितलें आहे. अत्याचार झालेल्या स्त्रीचें नांव छापणें किंवा ती ओळखूं येईल असें कांहींहि प्रसिद्ध करणें हा भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाप्रमाणें गुन्हा आहे, आणि त्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मुलांविषयींहि तसाच निर्बंध आहे. मायबहिणींनो, तुमच्या मोबाईलवर एखाद्या पोरीचा फोटो "हिला न्याय द्या" म्हणून येतो, आणि तुम्ही कळवळून तो पुढें पाठवितां. तुमचा कळवळा खरा असतो. पण त्यानें तिला न्याय मिळत नाहीं, तिचें गांव मात्र सुटतें.

आतां दोष कोठें आहे तो सांगतों. पहिली खबर म्हणजे एका पक्षाचा पहिला शब्द. तो न तपासलेला असतो, रागांत सांगितलेला असतो, कधीं खरा असतो, कधीं खोटा, बहुधा दोन्हींचें मिश्रण. हा सर्वांत कच्चा कागद, आणि तोच सर्वांत आधीं जगासमोर टांगला जातो. तपास करून जें दोषारोपपत्र होतें तें मात्र सर्वांसाठीं संकेतस्थळावर ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयानें २० जानेवारी २०२३ रोजीं नकार दिला. त्यानें आरोपीच्या, पीडिताच्या आणि तपासाच्याहि हक्कांस बाध येईल असें कारण दिलें. त्या कारणाशीं माझें भांडण नाहीं. पण मग तेंच कारण कच्च्या कागदाला अधिक लागू होत नाहीं काय? आणि शेवटीं जो निकाल होतो तो न्यायालयाच्या संकेतस्थळावर निराळ्या ठिकाणीं पडलेला असतो. खबर आणि निकाल यांची गांठ कोणीं घालून ठेवलेली नाहीं. म्हणजे आळ चव्हाट्यावर, आणि सुटका कोनाड्यांत!

आणखी एक. त्या खबरेवर फिर्याद देणाराचेंहि नांव, गांव, पत्ता असतो. अवैध सावकाराविरुद्ध ज्या गरिबानें छाती करून फिर्याद दिली, त्याचें घर कोणतें हें सावकाराच्या माणसांना शोधावें लागत नाहीं. अशानें उद्यां फिर्याद द्यावयास कोण पुढें येईल?

तुम्ही सर्व शेतकरी आहां, म्हणून तुमच्याच दप्तराचा दाखला देतों. सातबारा कोणासहि पाहतां येतो. तो उघडा असल्यानें आपलें नुकसान झालें काय? उलट, तो झांकलेला होता तेव्हांच जमिनी गेल्या. पण सातबाऱ्यास फेरफार आहे. सोसायटीचें कर्ज काढलें कीं इतर हक्कांत बोजा चढतो; कर्ज फिटलें, दाखला दिला कीं बोजा उतरतो. फिटलेल्या कर्जाचा बोजा कोणी उताऱ्यावर ठेवला तर तुम्ही तलाठ्याला स्वस्थ बसूं द्याल काय? मग माणसाच्या अब्रूवर जो आळाचा बोजा चढला, तो निर्दोष सुटल्यावर कां उतरूं नये? जमिनीला जो न्याय, तो माणसाला नको काय?

असें करणें अशक्य आहे म्हणाल, तर कायद्यांतच तें केलेलें आहे. २०२२ च्या ओळख-पटविण्याच्या कायद्याप्रमाणें अटक झालेल्याच्या बोटांचे ठसे, डोळ्यांचीं मापें वगैरे घेतां येतात आणि तीं ७५ वर्षें ठेवतां येतात. एवढा कडक कायदा. पण त्यांतहि म्हटलें आहे कीं, ज्यास पूर्वीं शिक्षा झालेली नाहीं असा माणूस खटल्याशिवाय सुटला किंवा शेवटपर्यंत निर्दोष ठरला, तर न्यायालयानें कारण देऊन राखण्यास सांगितलें नसेल तेव्हां त्याचीं मापें नष्ट करावीं. मुलांच्या न्यायाच्या कायद्यांतहि, फार घोर गुन्हे वगळतां, अपराध केलेल्या मुलाचें दप्तर मुदतीनंतर नष्ट करावयाचें असतें, कारण कोंवळ्या वयांतली चूक जन्मभर पाठीस लागूं नये. बोटाचा ठसा पुसतां येतो, तर संकेतस्थळावरचें नांव कां पुसतां येऊं नये? निर्दोष सुटलेल्यांनीं आपलें नांव झांकावें म्हणून निरनिराळ्या उच्च न्यायालयांत अर्ज केले आहेत. कोठें मान्य झाले, कोठें फेटाळले. ज्याच्याजवळ वकिलाची फी आहे तो एवढें तरी करूं शकतो. पालावरच्यानें काय करावें? म्हणून हें काम एकट्यादुकट्याच्या अर्जावर न सोडतां नियमानें आपोआप झालें पाहिजे.

हिस्ट्रीशीटाबद्दल मात्र अलीकडे एक चांगलें पाऊल पडलें. ७ मे २०२४ रोजीं दिल्लीच्या एका आमदाराच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा आंतला कागद आहे, तो चव्हाट्यावर आणण्याचा नव्हें. त्यांत अल्पवयी मुलांचीं नांवें घालूं नयेत. एवढ्यावर न थांबतां न्यायालयानें सर्व राज्यांना उद्देशून म्हटलें कीं, मागास, अनुसूचित जातिजमातींच्या निरपराध माणसांचीं नांवें केवळ पूर्वग्रहानें यंत्रासारखीं त्यांत चढविलीं जातात असें आढळतें, तें थांबवावें. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरला तुरुंगाच्या नोंदवहींतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा हुकूम झाला. १८७१ सालीं जी शाई सांडली ती पुसावयास १५३ वर्षांनीं फडकें हातीं आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु एका बाजूनें गरिबाची अब्रू राखण्याची भाषा चालू असतां दुसऱ्या बाजूनें तीच भाषा अधिकाऱ्याची ढाल होत आहे, तिकडेहि लक्ष द्या. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांत आठव्या कलमांत असें होतें कीं, कोणाची खासगी माहिती देऊं नये, पण मोठें सार्वजनिक हित असेल तर द्यावी. त्याच्या आधारेंहि काम सोपें नव्हतें. २०१२ सालींच एका सरकारी नोकराचे मेमो व शिक्षेचे कागद न्यायालयानें व्यक्तिगत ठरविले होते. पुढें २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यानें तें पोटकलमच छाटलें, आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत ती छाटणी अमलांत आली. आतां 'माहिती व्यक्तिगत आहे' एवढें म्हटलें कीं नकाराचें कारण तयार! सार्वजनिक हिताची वाट त्याच कलमाच्या दुसऱ्या भागांत अजून शिल्लक आहे, पण ती चालावयाची कीं नाहीं हें बरेंचसें कचेरीच्या मर्जीवर आलें. उद्यां तुम्ही विचाराल, "आमच्या माणसाला मारणाऱ्या हवालदाराच्या चौकशीचें काय झालें?" आणि उत्तर येईल, "ती त्यांची खासगी बाब आहे." सरकारी गणवेशांत, सरकारी पगारावर, सरकारी काठीनें जें केलें, तें खासगी कसें? काठी खासगी नाहीं, तर काठीचा हिशेबहि खासगी नाहीं.

आतां दोन आक्षेपांस उत्तर देतों. कोणी म्हणतील, चोराला कसली अब्रू? ज्यानें कांहीं केलें नाहीं त्यानें भिण्याचें कारण काय? त्यांना मी परीक्षेच्या वर्गांत बसलेला तो मुलगा दाखवितों. त्यानें काय केलें होतें? शाबीत झालेला गुन्हा झांकावा असें मी म्हणत नाहीं. शाळेंत माणूस नेमतांना त्याच्यावर काय शाबीत झालें आहे हें मला मास्तर म्हणून कळलेंच पाहिजे. पण आळ आणि शाबिती हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि जो समाज त्यांत भेद करीत नाहीं तो चोर सोडून संन्याशाला फांशी देतो.

दुसरे म्हणतील, मग सगळेंच झांका, म्हणजे कटकट मिटली. त्यांना मी तो कोरा फळा दाखवितों. झांकलेल्या दप्तराखालीं गरिबाची अब्रू राखली जात नाहीं. त्याचें प्रेत झांकलें जातें.

म्हणून आपण सरकारकडे इतकें मागावें. फळा रोज भरावा, आणि माणूस सुटला कीं त्याचें नांव उतरवावें. पहिली खबर उघडी राहूं द्या, पण फिर्यादीचा पत्ता आणि फोन झांका. जेथें खबर आहे तेथेंच तिचा शेवट लिहा : चौकशींत खोटी ठरली, दोषारोपपत्रांतून नांव वगळलें, निर्दोष सुटला, आणि निर्दोष सुटल्यावर ठरल्या मुदतींत नांव काढा. पोलिसांच्या कामाचे कागद, कॅमेऱ्यांतलीं चित्रें, चौकशांचे निकाल यांना 'व्यक्तिगत' हा शिक्का लागूं देऊं नका.

आणि आपल्या हातांत काय आहे? पुष्कळ आहे. खबरेची नक्कल घ्या आणि सातबाऱ्याजवळ जपून ठेवा. घरचा माणूस धरला गेला तर तोंडीं विचारीत बसूं नका. लेखी अर्ज द्या, पोंच घ्या, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला विचारा. माहितीचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्यास फी नाहीं. एरवीं उत्तरास ३० दिवस आहेत, पण जीव किंवा स्वातंत्र्य यांचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावें लागतें. अर्जांत असें लिहा कीं, अधिकाऱ्यानें काय केलें तें सांगा. त्याच्या घरचें आम्हांस कांहीं नको. निर्दोष सुटलेल्यानें निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घ्यावी. चारित्र्य पडताळणीच्या वेळीं खटला झाल्याची गोष्ट लपवूं नये, आणि ती नक्कल पुढें करावी.

शेवटचें मागणें तुमच्याकडे आहे. तो कागद गटांत फौजदारानें टाकला नव्हता. आपल्यांतल्याच एकानें टाकला, आणि आपण सर्वांनीं तो पुढें ढकलला. सरकारच्या दप्तरानें त्या मुलाला आरोपी म्हटलें होतें. गुन्हेगार आपण ठरविलें. ज्यांच्या आज्यांना अक्षर येत नव्हतें म्हणून दप्तरानें बुडविलें, त्यांच्या नातवांनीं अक्षर शिकून शेजाऱ्याला बुडवावें काय? कागद हातीं आला कीं एवढें विचारा : हें कोणाचें कृत्य आहे? सत्तेचें असेल तर मोठ्यानें वाचा. शेजाऱ्याच्या अंगावरचा आळ असेल तर निकाल लागेपर्यंत बोट आवरा. आणि निकाल लागला, तो सुटला, तर मात्र तो कागद अवश्य फिरवा.

मी त्या दोन घरांचीं नांवें कां सांगितलीं नाहींत, तें आतां सांगावयास नको. तो मुलगा आज या सभेंत बसलेला आहे कीं नाहीं, हेंहि मी सांगणार नाहीं. हजेरीपटावर त्याचें नांव मीं लिहिलें तेव्हां त्यापुढें कांहीं लिहिलेलें नव्हतें. तितकें कोरें नांव त्याला परत मिळावें, एवढीच या मास्तराची इच्छा आहे. एवढें बोलून मी आपली रजा घेतों.